झोपलेल्या पायाचं माप

झुंबर कुठलाही माणूस पहिल्यांदा भेटला की त्याच्या पायाकडे बघतो. तोंडाकडे नंतर, सवड मिळाली तर. इंदापूरच्या एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर युवराजशेठचं बूट-चपलांचं दुकान आहे. तिथं गेली सत्तावीस वर्षं तो गिऱ्हाइकापुढं गुडघा टेकून बसतोय आणि बूट चढवतोय. त्यामुळं तालुक्यातली माणसं त्याच्या डोक्यात नावानं कमी आणि पायानं जास्त साठलीत. लग्नाच्या पंगतीत कुणी ओळख करून दिली की हा भर मांडवात म्हणणार, "व्हय व्हय, ध्यानात हाय. रुंद चवडा, डाव्या करंगळीला कुरूप." मग बायको कुशाबाई त्याला कोपरानं ढोसते. तो गप्प बसतो आणि समोरच्या पंगतीतले पाय बघायला लागतो.

वय पंचावन्न, अंगानं काटकुळा, चष्मा कायम कपाळावर, खिशात शिंप्याची टेप. बोलायला लागला की हात आधी हलतात आणि शब्द मागून धापा टाकत येतात.

एके काळी या धंद्यात डोकं लावायचं कामच नव्हतं. शाळेचा काळा बूट, कवायतीचा पांढरा बूट, दोन पट्ट्यांची चप्पल. सहा म्हणजे सहा आणि सात म्हणजे सात. मग स्नीकर आले. जाड रंगीत सोलचे, जाळीच्या अंगाचे, जिभेवर चार-चार नंबर छापलेले. इंग्लंडचा वेगळा, अमेरिकेचा वेगळा, युरोपचा चाळीसच्या घरात आणि खाली बारीक अक्षरात सेंटिमीटर. दुसरा कुणी असता तर त्यानं कपाळाला हात लावला असता. झुंबरला मात्र जे भरतं आलं ते अजून ओसरलेलं नाही. पहिला माल आला त्या दिवशी तो दुकानाच्या माळ्यावर मांडी घालून दुपारभर बसला होता, एकेका बुटात हात घालून आतून चाचपत. खाली गिऱ्हाईक ताटकळलं होतं आणि युवराजशेठचे वडील त्याच्या नावानं शंख करत होते.

त्या दुपारी त्याला जे कळलं ते तो आजही दिवसातून दहा वेळा सांगतो, ऐकणारा बदलला नसला तरी सांगतो. "नंबर बुटाचा नसतो बरं का, नंबर कंपनीचा असतो! ज्या फर्म्यावर, म्हंजी पायाच्या साच्यावर, बूट वळवत्यात ना, त्यो फर्मा कुणाच्या पायावनं केलाय ते बघा. टोरेनवाल्यांचा फर्मा लांबडा, काकडीवानी. वेलोराचा टाचंला ऐसपैस आन फुडं निमुळता. सरपटचा फर्मा आपल्या हितल्या पायाचा, पर त्ये दर दोन वर्सांनी बदलत्यात आन खोक्यावर ल्हित न्हाईत. आता बोला!"

बोलायला कुणाचीच हरकत नसते, पण झुंबर मध्ये जागा ठेवत नाही.

लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला असलेला समर्थ नावाचा तरुण एकदा दुकानात आला तो छाती काढूनच. "तात्या, माप घिऊ नका. मला समद्या कंपनीचा आठ होतो." अशी माणसं झुंबरला मनापासून आवडतात. त्यानं काही न बोलता चार कंपन्यांचे चार आठ नंबर काढून ओळीनं मांडले. पहिल्यात समर्थ ऐटीत उभा राहिला. दुसऱ्यात त्याची टाचच जाईना. तिसऱ्यात टाच सुळकन गेली आणि दोन पावलांवर बूट मागं राहिला. चौथा बसला, पण दुकानाच्या दारापर्यंत जाऊन येईतो साहेबांचं तोंड आंबट झालं होतं. झुंबर लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता. "सांगा आता, तुमचा नंबर कोंचा?" समर्थ शेवटी एका कंपनीचा साडेसात घेऊन गेला आणि पुढच्या महिन्यात खात्यातले सहाजण घेऊन आला.

बाजाराच्या दिवशीची गोष्ट मात्र वेगळी असते. खेड्यातून माणूस बाजाराला येतो तो घरातल्या पाचजणांची कामं घेऊन येतो. माणूस बाजारात आणि पाय घरी. मग पायाऐवजी माप येतं. कुणी सुतळीला गाठ मारून आणतं, कुणी वहीच्या कागदावर पेन फिरवून आणतं, आणि जुनी माणसं तुराटी आणतात. तुरीची वाळकी काडी तळपायाला लावायची, टाच ते अंगठा मोडून घ्यायची आणि पिशवीत टाकायची, झालं माप. अशा काड्यांवर झुंबरनं हजारो चपला दिल्या असतील. चपलेचं काही अडत नाही, बोट बाहेर आलं तरी ती वागवून घेते. पण स्नीकर काडीवर द्यायचा नाही, हा त्यानं स्वतःच स्वतःला घालून घेतलेला नियम होता. काडी लांबी सांगते, चवडा सांगत नाही. कितीही गोड बोललात तरी तो म्हणायचा, "पाय घिऊन या." हा नियम त्यानं दहा वर्षं पाळला आणि एका बाजारी मोडला.

ठमाबाई पळसदेवची. उजनीच्या पाण्याच्या कडेला तिची दीड एकर जमीन, त्यात वांगी आणि गवार. तिची पोरगी निकिता, एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीसाठी धावत होती. मैदानी चाचणी बारा दिवसांवर आली होती. ठमाबाईनं त्या दिवशी माळव्याच्या पाट्या रिकाम्या केल्या आणि ती तडक दुकानात आली. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली तुराटी तिनं अशी काढली की सोनाराकडे मोड आणली असावी.

"भाऊ, पोरीला बूट पायजेत. पळायचे. चांगल्यातले." मग इकडं तिकडं बघून आवाज खाली आणला. "तिला ठावं न्हाय. पळून आली आन दुपारची निजली व्हती, तवा हळूच पायाला लावून घेतली काडी. जरा बी जागी झाली न्हाय!"

एवढं सांगताना त्या बाईचा चेहरा असा फुलला होता की झुंबरच्या तोंडातलं "पाय घिऊन या" तोंडातच विरलं. दुकानात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर, त्याला स्वतःच्या अंदाजाचाही तोरा होता. सत्तावीस वर्षं काय झक मारली होती का? त्यानं काडीला टेप लावली. चोवीसला एक रेघ कमी. टोरेनचा पाच. मोरपंखी रंगाचा, पांढऱ्या सोलचा, दुकानातला सगळ्यात देखणा जोड त्यानं ठमाबाईच्या हातात ठेवला.

"बिनघोर न्या," तो म्हणाला. हे दोन शब्द पुढं त्याला फार महागात पडणार होते.

आठ दिवसांनी सकाळी दुकान नुकतं झाडून झालं होतं, तेव्हा एक पोरगी आत आली. झुंबरनं सवयीनं आधी पाय बघितले. पायात रबरी चप्पल, उजव्या अंगठ्याला चिंधी, चाल जराशी लंगडी.

"तात्या, एकदम पातळ मोजे हायत का? नायलॉनचे बी चालतील."

"कशाला?"

"बूट थोडं दाटत्यात. पातळ मोजा घातला की बसत्याल." तिनं पिशवीतून बूट काढून दाखवले. मोरपंखी, पांढरा सोल.

झुंबरनं आपलाच जोड ओळखला. त्यानं तिला स्टुलावर बसवलं, तिच्या पुढं गुडघा टेकला आणि चिंधी सोडली. अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. करंगळीवरचा फोड फुटून खाली लालभडक कातडी दिसत होती.

"कवापासनं?"

"पैल्या दिवसापासनं."

"मग इतके दिस बोलली का न्हाईस गं? चावत असल तर बदलून दिलं असतं की!"

निकिता खाली बघत म्हणाली, "आईनं आनल्यात ना. मी पळून आली की ती दारातच उभी ऱ्हाती. कसं वाटतंय, म्हनती. मी म्हनते, लई झ्याक."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जुन्या बुटात आठशे मीटरला तिला दोन मिनिटं बेचाळीस सेकंद लागत होते. त्या बुटांचा सोल उलला म्हणून ते टाकून दिले. नव्यात वेळ गेला दोन अठ्ठावन्नवर. भरतीची तयारी करून घेणारे सर म्हणत होते, दोन चाळीसच्या आत आलीस तरच पूर्ण गुण, नाहीतर पुढच्या भरतीची वाट बघ. आणि चाचणी चार दिवसांवर होती.

झुंबरला स्वतःची लाज वाटली. नुसती वाटली असं नाही, कानशिलं तापली. नियम कुणी केला होता? त्यानंच. मोडला कुणी? त्यानंच. त्यानं गल्ल्याजवळचा एक मोठा कोरा कागद ओढून फरशीवर पसरला. "उभी ऱ्हा ह्याच्यावर. दोनी पायांवर भार दे. आता पळाय लागल्यागत जरा फुडं वाक." पेन्सिल सरळ धरून त्यानं दोन्ही पायांभोवती रेघ काढली, टेप लावली आणि तो तसाच ओणवा राहिला. उजवा पाय पावणेपंचवीस. डावा त्याहून चार रेघा कमी. आणि चवडा! उघड्या पायानं बांधावरून आणि चिखलातून मोकळा वाढलेला तो रुंद, पसरट, देखणा चवडा. टोरेनच्या काकडीत तो मावणार कसा होता?

"आगं, आईनं निजलेल्या पायाचं माप घेतलं," तो ओरडलाच. "निजलेला पाय आखडून पडलेला असतो. भार पडला की त्यो पसरतो, लांब व्हतो. आन पळून पळून अजून फुगतो. निजायला बूट लागत न्हाईत, पळाय लागत्यात!"

आणि इथं झुंबरचं खरं रूप बाहेर आलं. दुसरा माणूस कपाळ धरून बसला असता. झुंबरची लाज आणि उत्साह एकाच नळानं येतात. त्यानं बाह्या सरसावल्या आणि खोक्यांवर धाड घातली. टोरेनचा सहा काढला, लांबीला बरोबर, पण करंगळी पुन्हा भिंतीला. टोरेनचा सात घातला, करंगळी सुटली तर टाच बुटात नाचायला लागली. वेलोराचा सहा घालून निकिता उठली आणि लगेच बसली, तळव्याच्या कमानीत काहीतरी टोचत होतं. सरपट तिचा जुना ओळखीचा बूट, तोच नंबर, तेच नाव, तोच खोका. तरी आत पाय घालताच ती म्हणाली, "तात्या, ह्यो त्यो न्हाय." आणि नव्हताच. कंपनीनं फर्मा बदलला होता. झुंबरनं त्या निर्जीव खोक्याला दोन खास शिव्या घातल्या. दहा वाजेपर्यंत दुकानाची दशा अशी झाली की युवराजशेठ दारात येऊन थबकला.

"झुंबरराव, दुकान हलवायचंय का?"

"शेठ, थांबा जरा!" झुंबर डोळे मिटून उभा होता. दोन्ही हात हवेत एक न दिसणारा बूट चाचपत होते. "फुडं रुंद. टाचंला घट्ट. लांबी पंचवीसच्या फुडं बोटभर... बाप्यांचा सहा! झिपरोचा बाप्यांचा सहा! झिपरोवाले नंबर एक टाकत्यात आन बूट त्याच्याहून अर्धा नंबर बारीक करत्यात. बाप्यांचा फर्मा चवड्याला रुंद. बसतोय, शेठ, बसतोय!"

"बाप्यांचा सहा आपण ठेवतच न्हाय," युवराजशेठ म्हणाला. "गिऱ्हाईक कुठं हाय?"

गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलं होतं, पण शेठचंही खरंच होतं, दुकानात बाप्यांचा सहा नव्हता. झुंबरनं बारामतीला फोन लावला. भिगवण रोडला दादासोचं मोठं दुकान आहे, काचेचं, थंड हवेचं. दादासो आणि झुंबर तरुणपणी एकाच दुकानात एकाच वेळी कामाला लागले होते, पुढं एक मालक झाला आणि एक झुंबरच राहिला.

"झिपरोचा सहा? हाय की लेका, एक जोड हाय," दादासो म्हणाला. "माप सांग, एसटीत टाकून देतो."

"माप न्हाय सांगत," झुंबर म्हणाला. "पाय घिऊन येतो."

दुकानाचंच काम म्हणून युवराजशेठनं झुंबरला सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं बारामतीच्या एसटीत बसली. तिघं, कारण ठमाबाई पोरीला एकटीला कुठली सोडतेय. तिला झुंबरनं फोनवर एवढंच सांगितलं होतं की नंबर देण्यात आपली चूक झाली. भवानीनगरच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि एसटी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. निकिताला डुलकी लागली. तिचा पाय चपलेतून सुटला आणि ठमाबाईचं लक्ष त्या काळ्या नखावर गेलं. तिनं तो पाय आपल्या पदरानं झाकला.

"भाऊ," ती मग म्हणाली, "चूक तुमची न्हाय. माप म्या घेतलं."

"पर बिनघोर न्या म्हनलो म्या."

"मला वाटलं, उठून बघंल, हरकंल." तिचा आवाज फुटला. "आठ दिस माझ्यासाठी पाय सोलत पळली ही पोर. आन मी दारात उभी ऱ्हाऊन इचारतीय, कसं वाटतंय."

झुंबरला रडणाऱ्या माणसापुढं काय करावं ते कधीच कळलेलं नाही. त्यानं चष्मा खाली घेतला, पुन्हा कपाळावर ठेवला आणि म्हणाला, "ठमाबाई, अजून तीन दिस हायत. तीन दिसात लई काय व्हतं." आणि मग तो बारामती येईपर्यंत तिला झिपरोचा फर्मा समजावून सांगत राहिला. बाईला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण रडू थांबलं.

दादासोनं नवीन मशीन घेतलं होतं. काचेच्या पाटावर पाय ठेवायचा, खालून निळा उजेड फिरतो आणि पडद्यावर नंबर येतो. निकितानं पाय ठेवला. मशीननं सांगितलं, बायकांचा साडेपाच.

"बघ," दादासो म्हणाला. "कशाला बाप्यांचे बूट घालतूस पोरीला?"

"कोंच्या कंपनीचा साडेपाच? ते इचार तुझ्या मशीनला," झुंबर म्हणाला. मशीन गप्प बसलं.

झिपरोचा खोका उघडला. काळा बूट, पोपटी सोल. ठमाबाईनं नाक मुरडलं. "ह्ये तर पोरांचं दिसतंय." झुंबर खाली बसला होता, तिथूनच म्हणाला, "पायाला काय ठावं, बूट पोराचा का पोरीचा!" त्यानं बूट चढवला, निकिताला उभं केलं, अंगठ्यापुढं आपला अंगठा आडवा दाबून बघितला. जागा होती. "बोटं हलिव." बोटं हलली. "करंगळी?" निकितानं मान हलवली. चावत नव्हती.

"आता पळ."

"कुठं पळ?" दादासो पुढं आला. "दुकानात?"

"भायेर."

"आरं, रस्त्यावर घातलेला जोड परत घेत न्हाय मी!"

"परत कोन देतंय?" झुंबर म्हणाला आणि त्यानं दार उघडलं.

दुकानापुढं गाड्या लावायची लांबलचक जागा होती. निकिता त्या टोकापर्यंत धावली आणि परत आली. तिनं तोंड वाकडं केलं नाही, पण झुंबरनं तिच्या टाचेकडं बघितलं होतं. टाच बुटात अर्धं बोट वर उचलत होती. ठमाबाईनं त्याच्याकडं बघितलं, दादासोनं बघितलं. झुंबर मात्र हसला. बुटाला सगळ्यात वर, घोट्याजवळ, एक जास्तीचं भोक असतं. लोकांना वाटतं, ते शोभेला आहे. त्यानं दोन्ही बाजूंनी लेस त्या भोकात आत घालून छोटे फास केले, उलट्या बाजूची टोकं त्या फासांतून ओवली आणि खाली खेचली. टाच जागच्या जागी आवळली, चवडा मोकळाच राहिला.

"जा आता."

निकिता गेली. त्या टोकापर्यंत गेली, वळायच्या जागी वळलीच नाही, कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. सगळे वाट बघत उभे राहिले. एक मिनिट झालं. दोन झाली. दादासोचा चेहरा बदलला.

"झुंबर, पोरगी गेली कुठं? आरं, जोड माझा हाय!"

"गप ऱ्हा," झुंबर म्हणाला, पण त्यानंही चष्मा डोळ्यावर घेतला होता.

मग मागच्या बाजूनं, अख्ख्या इमारतीला आणि तिच्या शेजारच्या इमारतीलाही वळसा घालून, निकिता आली. वेणी उडत होती, तोंड हसण्यानं फाकलं होतं. ती थांबली नाही, त्यांच्या अंगावरून वाऱ्यासारखी गेली आणि पुन्हा वळसा घालायला निघाली. ठमाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. झुंबर भिगवण रोडला भर उन्हात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, उड्या मारत होता. रस्त्यावरच्या दोन मोटरसायकली काय झालं ते बघायला थांबल्या.

नवे बूट तीन दिवसांत पायाला लावायचे म्हणजे घाई होती. झुंबरनं फर्मान काढलं, घरात बूट काढायचे नाहीत. निकितानं बूट घालून भाकरी थापल्या, बूट घालून गवार तोडली, बूट घालून अभ्यास केला. सकाळ-संध्याकाळ फक्त हळू धावायचं, आणि नखाची काळजी.

चाचणी पुण्यात होती. झुंबरनं अकरा वर्षांत पहिल्यांदा रजा मागितली. युवराजशेठ म्हणाला, "झुंबरराव, नातेवाईक लागती का?" "पाय वळखीचा हाय," झुंबर म्हणाला. शेठनं हसून जायला सांगितलं.

मैदानाच्या दारातून आत फक्त उमेदवार. बाहेर रस्त्याकडेला आईबापांची, भावांची, मामांची गर्दी. निकिता छातीवरचा नंबर सारखा करत आत जायच्या रांगेत उभी राहिली आणि झुंबरची बोटं वळवळायला लागली, कारण रांगेत शे-दीडशे पोरी होत्या आणि त्यांच्या पायात शे-दीडशे तऱ्हा होत्या. एकीच्या बुटात बोटभर टाच नाचत होती. एकीनं पुढं चिंध्या कोंबल्या होत्या. एकीच्या लेसा इतक्या आवळलेल्या की पाऊल सुजलं होतं. त्याच्यानं राहवलं नाही. तो रांगेशेजारी फुटपाथवर गुडघा टेकून बसला. "बाळ, पाय दे हिकडं. टाच उचलती तुजी." पोरगी आधी बावरली, मग तिनं पाय पुढं केला. दुसरी म्हणाली, "काका, माझं बी." रांग पुढं सरकत होती आणि झुंबर गुडघ्यावर तिच्याबरोबर सरकत होता, फास घालत, लेस ओवत, खेचत. शिपायानं त्याला दारापाशी अडवलं तेव्हा त्याच्या विजारीचे दोन्ही गुडघे काळे झाले होते.

मग वाट बघणं. आतून शिट्ट्या ऐकू यायच्या, कर्ण्यावरून नंबर पुकारले जायचे, त्यातलं काही कळायचं नाही. ठमाबाई कुंपणाला धरून उभी होती. झुंबर येरझाऱ्या घालत होता. दोन अठ्ठावन्न, दोन बेचाळीस, दोन चाळीस, हे आकडे त्याच्या डोक्यात बुटांच्या नंबरांसारखे उलटसुलट होत होते. चुकलं असेल तर? आत फोड फुटला असेल तर? त्या काडीपासून सगळं त्याला पुन्हा आठवत होतं.

दार उघडलं. पोरी एकेक करून बाहेर आल्या, कुणी रडत, कुणी पाणी मागत. निकिता दिसली. घामानं निथळत होती. तिनं आईला बघितलं आणि ती तिथूनच ओरडली, "दोन सदतीस!"

"म्हंजी कमी का जास्त?" ठमाबाई घाबरून झुंबरला विचारायला लागली. "भाऊ, कमी का जास्त?"

झुंबरनं नुसते दोन्ही हात वर केले. मग ठमाबाईला कळलं आणि तिनं पोरीला अशी मिठी मारली की दोघी पडता पडता वाचल्या. शेजारची अनोळखी माणसंही हसायला लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मायलेकींचं आटपेपर्यंत झुंबरनं दम धरला, म्हणजे मिनिटभर. मग तो पुढं घुसला. "चवड्याला काय वाटलं? शेवटच्या वळनाला टाच हलली का? करंगळी? नखाला फुडनं धक्का बसला का? उजव्यात का डाव्यात? सांग, सांग!"

निकिता त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं खाली आपल्या पायांकडं बघितलं, जणू तिथं काही आहे हे तिला आत्ताच आठवलं. तिला ओशाळल्यासारखं झालं. तात्या बारामतीपर्यंत घेऊन गेले, पुण्यापर्यंत आले, आणि आपल्याकडं त्यांना सांगायला काहीच नाही.

"तात्या, रागावू नका," ती चाचरत म्हणाली. "पळताना पायात बूट हायत ह्ये माझ्या ध्यानातच न्हवतं."

झुंबर फुटपाथवर खाली बसला. हसू आणि रडू एकदमच आलं, आणि त्यानं दोन्ही येऊ दिलं. निकिताला वाटलं, आपण तात्यांना दुखावलं. ती माफी मागायला लागली आणि तो नुसती मान हलवत राहिला. सत्तावीस वर्षांत त्याच्या कामाबद्दल याहून चांगलं कुणी काही बोललं नव्हतं.